खाल्ली म्हणजे भाकरी

गोडा मसाला करायला घेतला की एखादा जिन्नस हमखास जिभेवर येऊन अडतो. धणे, जिरं, लवंग, दालचिनी, तमालपत्र अशी यादी भराभरा होते आणि मग कुणीतरी थांबतं. "अगं ते… ते काळं, पापुद्र्यासारखं. हातात घेतलं की चुरा होतो बघ." वस्तू डोळ्यांपुढे असते, वास नाकात असतो, कुठल्या बरणीत ठेवलंय तेही ठाऊक असतं. नाव तेवढं येत नाही. मग शेजारून कुणी "दगडफूल" म्हणतं आणि सगळ्यांना हायसं वाटतं.

अडलेला माणूस काय बोलतो ते एकदा नीट ऐका. नाव सापडत नव्हतं तेव्हाही तो "ते काळं" म्हणाला. "तो काळा" नाही, "ती काळी" नाही. कुणी म्हणेल, नाव माहीत नसलेल्या कुठल्याही वस्तूला आपण "ते"च म्हणतो, त्यात काय विशेष? खरं आहे. मग जायपत्री घ्या. ती आठवत नसली की आपण म्हणतो, "ती गं, जायफळावरची, केशरी, जाळीदार." हिंग आठवत नसला तर, "तो, डबीतला, पिवळा, उग्र वासाचा." शब्द अजून आलेला नाही, पण त्याचं लिंग आधीच येऊन बसलं आहे, आणि सगळी विशेषणं त्याच्या हुकमात चालली आहेत. मराठी माणूस हे दिवसातून कितीदा तरी करतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

१९६६ साली हार्वर्डमध्ये रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील या दोघांनी ही जिभेवर अडण्याची अवस्था मुद्दाम घडवून आणली. ते विद्यार्थ्यांना अडनिड्या इंग्रजी शब्दांची फक्त व्याख्या वाचून दाखवत. समुद्रावर सूर्यताऱ्यांची उंची मोजायचं जहाजावरचं उपकरण कोणतं? काहींना 'सेक्स्टंट' लगेच सुचायचं, काहींना तो शब्द मुळात माहीतच नसायचा. मधल्यांची मात्र घालमेल व्हायची, आणि ब्राउन-मॅकनील यांना नेमके तेच हवे होते. शब्दाचं पहिलं अक्षर कोणतं, त्यात किती अवयव म्हणजे उच्चाराचे तुकडे आहेत, हे या मधल्यांना नुसत्या अंदाजाने जमेल त्याहून बरंच जास्त वेळा बरोबर सांगता यायचं. पण प्रयोग इंग्रजीत झाला, आणि इंग्रजीत वस्तूंना लिंग नसतं. तो प्रश्न विचारायला इटालियन भाषा यावी लागली. १९९७ साली गॅब्रिएला विल्योक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटालियन बोलणाऱ्यांना असंच अडवलं आणि विचारलं, न सापडणारा शब्द पुल्लिंगी आहे की स्त्रीलिंगी? ते लोक योगायोगाने जमेल त्याहून कितीतरी जास्त वेळा बरोबर निघाले. त्याच्या दोन वर्षं आधी एका इटालियन रुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात त्याला 'दान्ते' असं टोपणनाव दिलं होतं. मेंदूच्या आजारानंतर साध्यासाध्या वस्तूंची नावं त्याला येईनात. पहिलं अक्षर विचारा, शब्द लांब की आखूड ते विचारा, काही सांगता येत नसे. पुल्लिंगी की स्त्रीलिंगी एवढंच विचारलं, की उत्तर जवळजवळ दर वेळी बरोबर.

याचा अर्थ असा, की शब्द आपल्या डोक्यात एकसंध ठेवलेला नसतो. अर्थ एकीकडे, व्याकरण दुसरीकडे, आवाज तिसरीकडे. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या माक्स प्लांक संस्थेत विलेम लेव्हेल्ट यांनी बोलण्याच्या या साऱ्या व्यवहाराचा आराखडा मांडला. त्यात आधी अर्थाला जुळणारा शब्द निवडला जातो, त्याच्यासोबत त्याचं व्याकरण येतं, आणि त्याचा आवाज त्यानंतरच्या पायरीवर जुळवला जातो. साध्या गप्पांमध्ये आपण सेकंदाला दोन-तीन शब्द बोलतो, म्हणजे हे सगळं सेकंदाला दोन-तीनदा घडतं, आणि हजारभर शब्दांत एखादीच चूक होते. जोवर हे सुरळीत चालू असतं तोवर या पायऱ्या दिसतच नाहीत. एखादी पायरी ढासळली की दिसायला लागतात.

माझ्या आत्याची ढासळली.

आत्या सोलापूरची. महापालिकेच्या मराठी शाळेत उभा जन्म पहिली-दुसरीच्या वर्गाला शिकवलं. आवाज खणखणीत, बोलणं तोडून टाकणारं, आणि उच्चार इतके स्वच्छ की तिच्या हाताखालून गेलेलं पोर 'न' आणि 'ण'ची गल्लत करायचं नाही. पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ती घरातच होती. उजवा हात लुळा पडला, ओठाचा कोपरा उतरला आणि बोलणं बंद झालं. दादाने, म्हणजे माझ्या आतेभावाने, क्षणभरही वाट पाहिली नाही. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे त्याला माहीत होतं. प्रत्येक घरात हे माहीत असायला हवं. तोंड वाकडं होणं, हात न उचलणं, बोलणं अडखळणं यांतलं एक जरी दिसलं तरी साखरपाणी देत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. औषध वेळेत मिळालं म्हणून आत्याचा हात बराचसा परत आला. बोलणं मात्र लगेच आलं नाही.

पक्षाघात झालेल्या साधारण तिघांतल्या एकाला असा वाचाघात होतो. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं बरंचसं काम डाव्या बाजूला चालतं, आणि तीच बाजू शरीराचा उजवा भाग चालवते. म्हणून उजवा हात आणि वाचा अनेकदा बरोबरीने जातात.

तिथल्या वॉर्डात एक वाक्य वारंवार कानावर पडलं. "आजींना आता काही कळत नाही, तुम्हीच सांगा." तपासायला येणारे सगळे प्रश्न दादाला विचारायचे. भेटायला येणारे पलंगाजवळ उभे राहून तिच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायचे. जे तिच्याशी बोलायचे ते मोठ्याने, एकेक अक्षर ओढत, जणू तिला ऐकू येत नाही. कुणी तर तिच्यादेखत "आता किती दिवस काढायचे कोण जाणे" असंही म्हणून गेलं. आत्याने त्या बाईकडे जे पाहिलं ते वर्गात शेवटच्या बाकावर बडबडणाऱ्या पोराकडे बघावं तसं होतं. त्या नजरेत समजुतीचा कण कमी नव्हता. ती नजर वाचायला वैद्यकाची पदवी लागत नाही. लागतं ते फक्त माणूस अजून तिथे आहे हे गृहीत धरणं.

हे गृहीत धरणं शास्त्रालाही एका माणसाने शिकवलं आहे. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लुई व्हिक्तोर लबोर्न्य नावाचा माणूस एकवीस वर्षं होता. बुटांचे लाकडी साचे करणारा कारागीर. तरुणपणापासून त्याला फिट्स यायच्या आणि तिशीत त्याची वाचा गेली. त्याला एकच उच्चार करता यायचा, 'तां'. तोही बहुधा दोनदा, 'तां तां'. म्हणून सगळे त्याला त्याच नावाने हाक मारत. एप्रिल १८६१ मध्ये पायाला गँगरीन होऊन तो पॉल ब्रोका या शल्यविशारदाकडे आला. ब्रोकाने त्याला नीट तपासलं. विचारलं, इथे तुम्ही किती वर्षं आहात? लबोर्न्यने पंजा चार वेळा उघडून दाखवला आणि वर एक बोट. एकवीस, अगदी बरोबर. दुसऱ्या दिवशी ब्रोकाने तोच प्रश्न विचारला, तेच उत्तर आलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर, हा आपली परीक्षा घेतोय हे लबोर्न्यच्या लक्षात आलं, आणि तो भडकला. त्या संतापात त्याच्या तोंडून एक शिवी स्वच्छ बाहेर पडली. ब्रोकाने त्याच्याकडून 'तां'खेरीज ऐकलेलं तेवढंच.

१७ एप्रिलला लबोर्न्य वारला. दुसऱ्याच दिवशी ब्रोकाने त्याचा मेंदू पॅरिसच्या मानववंशशास्त्र मंडळापुढे ठेवला. डाव्या बाजूला, पुढच्या भागात, मेंदूच्या पृष्ठभागावरच्या तिसऱ्या वळीच्या (घडीच्या) ठिकाणी इजा होती. त्या भागाला आज ब्रोकाचं नाव आहे. तेरा वर्षांनी कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने दुसरी बाजू मांडली. मेंदूत आणखी मागे इजा झाली तर माणूस भरभरून बोलतो, पण त्याच्या बोलण्याचा अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचं बोलणं त्याला कळत नाही. लबोर्न्यचा मेंदू न कापता जपून ठेवला होता. २००७ साली त्याचं एमआरआय केलं, तेव्हा कळलं की इजा ब्रोकाला वरून दिसली त्याहून बरीच खोल गेली होती. भाषेचं एकच खातं एका जागी असतं हे चित्र आता जुनं झालं आहे.

मला या गोष्टीत सर्वांत जास्त लागतं ते वेगळंच. दीडशे वर्षं मेंदूविषयीच्या प्रत्येक पुस्तकात या माणसाचा उल्लेख येत राहिला, पण तो त्याच्या तोंडात उरलेल्या त्या एका उच्चाराने. त्याचं पूर्ण नाव आणि त्याचा धंदा काय होता हे जगासमोर आलं २०१३ मध्ये, त्सेझारी दोमान्स्की या पोलिश इतिहासकाराने जुनी दप्तरं धुंडाळली तेव्हा. ज्याला 'काय विचारताय हे कळतंय मला' म्हणून राग येऊ शकतो, त्याला नाव असायलाच हवं होतं.

आत्याकडे वळते. हळूहळू तिचं बोलणं परत यायला लागलं. आधी हो-नाही, तेही उलटसुलट; हो म्हणायचं असताना नाही निघायचं आणि ती स्वतःच वैतागून हात झटकायची. मग छोटी वाक्यं आली, मग मोठी. घरी येऊन काही काळ गेल्यावर तिच्या वाक्यांची लय जवळजवळ पहिल्यासारखी झाली. त्यांत नामं मात्र नव्हती. "अगं ती कुठं ठेवलीस? काल तर इथंच होती. नेहमी अशीच हरवतेस तू." प्रत्यय जागच्या जागी, क्रियापद ठाकठीक, चढउतार तिचे स्वतःचे, आणि जिथे किल्ली म्हणायचं तिथे मोकळी जागा.

वहिनीने पहिल्यांदा टिपलं ते असं. दुपारी शेजारच्या काकू आल्या होत्या. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, सकाळी मी नव्हते तेव्हा काय खाल्लंत?" आत्या म्हणाली, "खाल्ली की. एक खाल्ली." काकूंनी विचारलं, "काय खाल्ली हो?" आत्याला सांगता येईना, ती अडली, चेहरा लाल झाला. वहिनी आतूनच म्हणाली, "भाकरी खाल्लीय त्यांनी." तिला कसं कळलं? साधं होतं. डब्यात भाकरी होती, भात होता आणि वरण होतं. भात असता तर 'खाल्ला' आलं असतं, वरण असतं तर 'खाल्लं'. खाल्ली म्हणजे भाकरी.

मराठीची ही रचना आपण शाळेत 'कर्मणी प्रयोग' म्हणून पाठ करतो आणि गुण मिळवून विसरून जातो. भूतकाळात आपलं क्रियापद खाणाऱ्याकडे न बघता खाल्लेल्या पदार्थाकडे बघतं. त्यामुळे पदार्थाचं नाव गळून पडलं तरी त्याची खूण क्रियापदाच्या शेवटी चिकटून राहते. आत्याच्या वाक्यांत ती खूण क्वचितच चुकायची. 'खाल्ले' आलं की पोहे. 'दोन खाल्ल्या' म्हणजे पोळ्या, आणि 'दोन खाल्ली' म्हणजे केळी, कारण नपुंसकलिंगाचं अनेकवचन स्त्रीलिंगी एकवचनासारखं दिसतं. नुसतं 'खाल्ली' आलं आणि ताटलीत साल दिसली की भाकरी बाद.

मग वहिनी प्रश्नही त्या बेताने विचारायला लागली. "काय प्यालात?" म्हटलं की आत्या "प्याले" म्हणायची आणि काहीच कळायचं नाही, कारण 'पिणे' हे क्रियापद पिणाऱ्याशी जुळतं, पेयाशी नाही. त्याऐवजी "काय घेतलंत?" विचारलं की घेतला, घेतली, घेतलं यांतून चहा, कॉफी, दूध वेगळे निघायचे. 'पाहिजे'चंही तसंच. आत्या आयुष्यभर 'पाहिजे' म्हणत आली, आणि 'पाहिजे' तिन्ही लिंगांना एकच. 'हवा, हवी, हवं' बोलतं. वहिनी मुद्दाम "हवा की हवी की हवं?" असं विचारायची आणि आत्या त्यातलं एक उचलायची. व्याकरणाचं पुस्तक वहिनीने शाळा सुटल्यापासून उघडलेलं नाही. जवळच्या माणसाला काय हवंय ते कळून घ्यायचं होतं, त्यातून तिने हे शोधून काढलं.

मला शंका होती. तिला वस्तू डोळ्यांपुढे दिसत असेल आणि अर्थावरूनच ती तो-ती-ते ठरवत असेल असं कशावरून नाही? पण वस्तूच्या अर्थात लिंग नसतं. भाकरीत बाईपण नाही, भातात पुरुषपण नाही. ते फक्त शब्दाला असतं. याचा पडताळा रात्री मिळाला. आत्याला थंडी वाजायला लागली की ती म्हणायची, "ते घाल अंगावर," किंवा "ती दे," किंवा "तो कुठाय?" गरज तीच, ऊबही तीच. पण 'ते' म्हणजे पांघरूण, 'ती' म्हणजे सोलापुरी चादर, आणि 'तो' म्हणजे स्वेटर. 'ती' म्हणाल्यावर वहिनीने स्वेटर आणला तर आत्या तो बाजूला सारायची. कपाटातल्या पुस्तकांचंही तेच. 'ते वाचून दाखव' म्हणजे पुस्तक. 'ती काढ' म्हणजे लाल कापडात बांधलेली पोथी. दोन्ही कागदाचीच, दोन्ही वाचायचीच. म्हणजे तिच्या मनात विशिष्ट शब्द निवडला जात होता, त्याचं व्याकरण त्याच्यासोबत येत होतं, आणि आवाजाच्या दाराशी येऊन सगळं थांबत होतं.

आवाजही आत कुठेतरी होताच. स्पीच थेरपिस्ट मुलगी यायला लागल्यावर तिने दाखवलं. चष्म्याचं चित्र पुढे धरून "च…" एवढंच म्हटलं की आत्या "चष्मा" पूर्ण करायची. "चहात दूध घालतो आणि…" म्हणून थांबलं की "साखर" आपसूक यायची. तीच साखर वाटीत घालून पुढे ठेवली आणि 'हे काय?' विचारलं की गप्प.

आणि एक प्रकार तर पाहत राहावा असा. दादाने विचारलं, "डॉक्टरांकडे कधी जायचंय?" आत्याला गुरुवार म्हणायचं होतं. ती बोटांवर मोजत सुरू झाली, "सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार," आणि गुरुवारवर बोट घट्ट दाबून थांबली. मधूनच गुरुवार तिला काढता येत नव्हता, ओळीने जाऊन त्याच्यापर्यंत पोचता येत होतं. पाढ्यांचंही तसंच. भाजीचे छप्पन्न रुपये सांगायचे तर "सात एके सात"पासून निघून "साती आठे छप्पन्न"ला उतरायचं. गणपतीची आरती ती सुरात, एकही शब्द न गाळता म्हणायची. भेटायला आलेल्यांना हे ऐकून वाटायचं की ही नाटक करते, आरती येते मग पाणी कसं मागता येत नाही? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन या मेंदूतज्ज्ञाने हा फरक ओळखला होता. पाठ झालेलं, सवयीचं, तोंडातून निसटणारं बोलणं वेगळं. नव्या प्रसंगाला नवं वाक्य जुळवणं वेगळं. लबोर्न्यची शिवी पहिल्या प्रकारातली. 'पाणी दे' हे दुसऱ्या प्रकारातलं, आणि दिसतं त्याहून फार अवघड. म्हणून कुणाच्या घरी असा माणूस असेल आणि तो हरिपाठ म्हणत असेल, तर त्याला 'ढोंग करतोय' म्हणू नका. ते ढोंग नसतं. उरलेली वाट असते ती.

ऐकणाऱ्याकडेही वळायला हवं, कारण निम्मं संभाषण त्याच्या हातात असतं. २००९ साली तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या दहा भाषांमधली संभाषणं मोजली. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. साधं एखादं चित्र बघून त्याचं नाव उच्चारायला मात्र ६०० च्या आसपास लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे चाललंय हे ताडतो आणि आपलं उत्तर जुळवायला घेतो. त्या ताडण्यात लिंगही कामाला येतं. स्पॅनिश शिकणारी तीनेक वर्षांची मुलं नामाआधीचं, त्याचं लिंग दाखवणारं उपपद ऐकल्याबरोबर योग्य चित्राकडे जरा लवकर बघतात, असं ॲन फर्नाल्ड आणि केसी ल्यू-विल्यम्स यांना दिसलं. मराठी मूल 'मोठी' ऐकूनच बॉलकडे न बघता बाहुलीकडे बघत असणार, असं मला वाटतं.

ही घाई आपल्या हाडीमासी खिळलेली आहे, आणि वाचाघात झालेल्या माणसापुढे तीच घाई क्रूर होते. आत्या वाक्य सुरू करायची, अडायची, आणि तिला पुढचं सापडायच्या आत चौघे जण चार शब्द सुचवायचे. "चमचा? पाणी? औषध? टीव्ही लावू?" प्रत्येक शब्द ऐकून तिच्या हाताशी आलेला शब्द पुन्हा निसटायचा. थेरपिस्ट मुलीने घरातल्या सगळ्यांना बसवून सांगितलं, टीव्ही बंद ठेवा, एका वेळी एकाने बोला, एका वेळी एकच विचारा, आणि थांबा. थांबणं सगळ्यांत कठीण गेलं. सगळ्यांत लवकर जमलं ते नातीला. ती आजीच्या चेहऱ्याकडे बघत शांत बसते, गृहपाठ करताना बसते तशीच, आणि आजीने शब्द काढला की पुढचं बोलते.

ही थेरपिस्ट मुलगी येण्याआधी एका ठिकाणी आत्याची चाचणी झाली होती, ती मला विसरता येत नाही. अशा चाचण्यांत चित्रं दाखवून नावं विचारतात. बॉस्टनमध्ये तयार झालेली अशी एक साठ चित्रांची प्रसिद्ध चाचणी आहे. तिच्यात इग्लू आहे, बीव्हर आहे, प्रेट्झेल आहे, शतावरीचे कोंब आहेत. तिथल्या माणसांसाठी ती चांगली आहे. आत्यापुढेही तशीच चित्रं धरली गेली, आणि जे तिने आयुष्यात पाहिलेलं नाही त्याचं नाव आलं नाही म्हणून कागदावर शून्य पडलं. नव्या मुलीने स्वतः काढलेली चित्रं आणली. सूप, पोळपाट, उखळ, कंदील, पाटी. पाटीचं चित्र बघून आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "हीच. हीच ती. पोरं फोडायची." नाव आलं नाही. मुलीने शून्य दिलं नाही. तिने वहीत पूर्ण वाक्य उतरवून घेतलं आणि 'हीच'खाली रेघ मारली. मराठी बोलणाऱ्या रुग्णांसाठी मराठीच्या अंगाने जाणाऱ्या अशा वह्या खूप व्हायला हव्यात. नाम येतं की नाही एवढंच मोजलं तर 'खाल्ली' शून्यात जमा होते, आणि त्या 'खाल्ली'त केवढं तरी शाबूत असतं.

आत्याचं माहेर अक्कलकोटचं. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत पुन्हा मराठी. कन्नड ती बाजारहाटापुरती बोलायची, पण लहानपणापासूनची, आणि अस्खलित. दोन भाषा असलेल्या माणसाला वाचाघात झाला की कुठली आधी परत येते यावर फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकातच मतभेद होते. थिओड्यूल रिबो यांचा कल लहानपणी शिकलेल्या भाषेकडे, तर आल्बेर पित्र यांचा सर्वांत सवयीच्या भाषेकडे. आत्याच्या दोन्ही भाषा थोड्या पुढेमागे, बरोबरीनेच आल्या. पण वहिनीची युक्ती कन्नडमध्ये चालेना. कन्नडमध्ये माणसं आणि देव सोडले तर बाकी बहुतेक सगळ्याला एकच लिंग. वांगं काय, मेथी काय, भोपळा काय, सगळं 'अदु'. आणि दारावर येणारी भाजीवाली तिच्याशी कन्नडमध्येच बोलते.

परवा मी तिथेच होते. आत्या दारात खुर्चीवर बसून म्हणत होती, "अदु बेकु." ते पाहिजे. भाजीवालीने विचारलं, "यावुदु?" कोणतं? आत्या पुन्हा म्हणाली, "अदु." इथे प्रत्ययातून काही कळण्यासारखं नव्हतं. भाजीवालीला त्याची गरजही नव्हती. तिने पाटी आत्याच्या पायाशी टेकवली आणि एकेक भाजी वर उचलून धरायला लागली. वांगी, नाही. दोडका, नाही. घाई केली नाही, मध्ये शब्द घातला नाही. मेथी उचलल्यावर आत्याने मान हलवली. "एष्टु?" किती? आत्याने बोटं पुढे केली. "ओंदु, एरडु, मूरु," आणि मूरुवर थांबली. भाजीवालीने तीन जुड्या काढून तिच्या मांडीवर ठेवल्या. आतून वहिनीचा आवाज आला, "आई, दोन पुरेत हो, कालची आहे अजून." आत्याने तिसरी जुडी पदराखाली घेतली आणि म्हणाली, "राहू दे. लागते."